आधी ट्रंक उघडा, मग यंत्र घ्या

माझा एक माजी विद्यार्थी पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. मागच्या महिन्यात त्याने फोनवर विचारलं, "सर, रेकॉर्ड प्लेअर घ्यायचा विचार आहे. हल्ली पुन्हा फॅशन आली आहे. कोणता घेऊ?" मी उलट विचारलं, "घरात रेकॉर्डी आहेत का? असतील तर कशा आहेत?" तो म्हणाला, "परतूरच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत आहेत काहीतरी. काळ्या, जाड, जड." एवढ्यावरून माझं अर्धं उत्तर तयार झालं. उरलेलं अर्धं सांगायला मात्र सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. मास्तरकी सुटली तरी सवय सुटत नाही, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आपण ज्याला सरसकट 'रेकॉर्ड' म्हणतो त्या खरं तर दोन वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत. एक लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी, पडली की काचेसारखी फुटणारी. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. दुसरी व्हिनाईलची, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकची, थोडी वाकणारी, ३३ किंवा ४५ फेऱ्यांची. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एल.पी. बाजारात आणली ती १९४८ साली. आपल्याकडे ती दिसू लागायला पन्नाशीच्या दशकाची अखेर उजाडली आणि लाखेची तबकडी १९७० च्या आसपास बंद झाली. आज दुकानात जे नवं यंत्र मिळतं ते बहुधा दुसऱ्या जातीसाठी असतं. आणि आमच्या जालना जिल्ह्यातल्या जुन्या घरांत, माळवदाखालच्या अंधाऱ्या खोलीत जे पडून आहे, ते बहुधा पहिल्या जातीचं. सगळी गोम इथे आहे.

लाख म्हणजे आपली पळसावरची, बोरीवरची लाख. किड्याने केलेली. जगाला ती मुख्यतः हिंदुस्थानच पुरवत असे. तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून तबकडी करत. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक लंडनहून कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानसारख्या गायिकांचं गाणं मेणावर उतरवून नेलं. पण तबकड्या छापायचा कारखाना इथे कुठे होता? ते मेण जर्मनीत हॅनोव्हरला जायचं, तिथे तबकड्या छापल्या जायच्या आणि बोटीने परत यायच्या. म्हणजे लाख आपली, गळा आपला, छापखाना जर्मनीत! कापसाची आणि कापडाची गोष्ट मी वर्गात तीस वर्षं शिकवली, तिचंच हे दुसरं रूप. १९०८ साली कलकत्त्यात सियालदाला कारखाना निघाला तेव्हा हा फेरा संपला.

हॅनोव्हरच्या कामगारांना कोणती तबकडी कुणाची हे कळावं म्हणून गाणारी मंडळी शेवटी आपलं नाव मोठ्याने सांगत. गौहर जानचं इंग्रजीतून नाव सांगणं प्रसिद्धच आहे. इतिहासाच्या मास्तराला याहून गोड काय? पुराव्याने स्वतःच उठून आपली ओळख सांगायची!

पण पुरावा मागे राहणं हे नशिबाचं काम आहे. भाऊराव कोल्हटकर, ज्यांच्या आवाजाच्या आठवणींनी मराठी रंगभूमीची पुस्तकं भरली आहेत, ते १९०१ मध्ये वारले. यंत्र आलं १९०२ मध्ये. एका वर्षाची चुकामूक झाली आणि तो आवाज कायमचा गेला. अल्लादिया खाँसाहेब तर १९४६ पर्यंत होते, पण त्यांनी आपल्या गाण्याची तबकडी होऊ दिली नाही. त्यांच्या शिष्यांवरून आपण गुरूचा अंदाज बांधायचा. उलट अब्दुल करीम खाँची ठुमरी गदगच्या एका दुकानात वाजली, ती एका अकरा वर्षांच्या पोराने ऐकली आणि १९३३ साली ते पोर गाणं शिकायला घरातून पळालं. ते पुढे पंडित भीमसेन जोशी झाले. दुकानातल्या त्या फोनोची सुई त्या दिवशी नीट होती, एवढंच आपलं भाग्य म्हणायचं.

आता आमच्या गावाकडे येतो. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटर गेजची रेल्वे जालन्यातून गेली ती १९०० च्या सुमारास. कापसाच्या गाठी तिकडे गेल्या आणि मुंबईचा माल इकडे आला, त्यात फोनोही आला. (आमच्याकडे जुनी माणसं ग्रामोफोनला 'फोनो'च म्हणत.) इंग्रजी मुलखातून निजामी मुलखात माल आला की करोडगिरी नाक्यावर जकात भरायची. चलनही वेगळं. आमचा हाली सिक्का, इंग्रजांचा कलदार. शंभर कलदारांना साधारण ११६ हाली मोजावे लागत. त्यामुळे फोनो ही देशमुख-सावकारांची, नाही तर जिनिंग-प्रेसिंगवाल्यांचीच चीज राहिली. बाकीचं गाव ढाळजेबाहेर उभं राहून ऐके.

इथे एक गोष्ट सांगायची राहून जाते, ती मुद्दाम सांगतो. तेव्हा कचेरीचा कारभार उर्दूत, वरच्या शाळांचं शिक्षण उर्दूत. माझे मामा सही उर्दूत करायचे, हिशेब मोडीत लिहायचे. अशा राज्यात मराठी नाट्यपद घरात वाजणं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून समजायचं नाही. तिथे बालगंधर्वांचं नाटक पाहून आल्यावर लोक रेकॉर्ड घेत. इथे बहुतेकांनी बालगंधर्व आयुष्यात पाहिले नाहीत, फक्त तबकडीत ऐकले. आणि त्याच घरात, त्याच सुईखाली कव्वालीही वाजे. आमच्या भागातल्या जुन्या ट्रंका उघडल्या की नाट्यपदाला चिकटून कव्वाली निघते, भजनाला चिकटून गझल निघते. मराठवाड्याच्या इतिहासाच्या पुस्तकांत ही शेजार-पाजार फारशी सापडत नाही. ती ट्रंकेत सापडते.

माझं आजोळ अंबड तालुक्यातलं. (अंबड म्हटलं की जाणकारांना दत्तजयंतीचा संगीत महोत्सव आठवेल. त्या तालुक्याच्या मातीतच गाणं आहे.) आजोबांनी जालन्याच्या जिनिंग कारखान्यातल्या एका साहेबाकडून जुना फोनो रेकॉर्डींसकट विकत घेतला होता, आणि पुढे स्वतःही रेकॉर्डी जमवल्या. रझाकारांच्या धामधुमीत घरची माणसं सरहद्दीपलीकडे देऊळगावराजाकडे गेली तेव्हा मामांनी तबकड्या गोधड्यांत गुंडाळून, वर कडबा टाकून रिकाम्या पेवात ठेवल्या. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर परत आले तेव्हा पेव तसंच होतं. ही कथा मी मामांकडून निदान पन्नास वेळा ऐकली असेल.

फोनो मात्र टिकला नाही. १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडायला जाणारी माणसं मी पाहिली आहेत. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. त्या वर्षी पितळी कर्णा मोडीत गेला, मागोमाग लोखंडी यंत्र गेलं. रेकॉर्डी राहिल्या, कारण मामांच्याच शब्दांत, "लाखेला कोण भाव देतंय?" भंगारवाल्याच्या तराजूत बसल्या नाहीत म्हणून त्या वाचल्या. आमचं गाव आज भंगार वितळवून सळया करणाऱ्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्या भट्ट्यांत किती फोनो गेले असतील, देव जाणे.

ती ट्रंक तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. एकूण ४३ तबकड्या, पैकी सहा फुटलेल्या. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर, अलाहाबादच्या जानकीबाई, काही कव्वाल्या. गोविंदराव जोशी म्हणजे जी. एन. जोशी यांचं 'शीळ'ही निघालं. ही कविता ना. घ. देशपांडे यांची, आणि ते मेहकरचे, म्हणजे आमच्या जालन्याहून सिंदखेडराजावरून गेलं की आलंच. मराठी भावगीताची सुरुवात बरेच जाणकार या तबकडीपासून धरतात. आणि सगळ्यात तळाशी एक तबकडी, जिचा कागद वाळवीने खाल्लेला. नाव नाही, गाव नाही. ती एकाच बाजूने वाजणारी. मागच्या बाजूला गाणंच नाही; तिथे एक पंखवालं बाळ बसून पिसाच्या लेखणीने तबकडीवर लिहितंय असं चित्र ठसवलेलं. कुत्र्याच्या चित्राच्या आधीची ही कंपनीची खूण. म्हणजे तबकडी साधारण १९०८ च्या आधीची, हॅनोव्हरची. आपली लाख जर्मनीला जाऊन परत अंबड तालुक्यात आली ती अशी!

आता ही वाजवायची कशावर? इथे विद्यार्थ्याच्या प्रश्नाला हात घालतो.

लाखेच्या तबकडीची चर रुंद असते, एल.पी.ची अरुंद. त्यामुळे सुयाही वेगळ्या. ७८ च्या सुईच्या टोकाची गोलाई साधारण ७५ मायक्रॉन, एल.पी.च्या सुईची १८ ते २५. बैलगाडीच्या चाकोरीत सायकल घातली तर ती काठाला धरून चालत नाही, तळाच्या धुळीत लटपटते, तसं होतं. आवाज आहे चरीच्या भिंतींवर आणि बारीक सुई फिरते तळाशी. ऐकू येते ती नुसती खरखर. मग माणूस म्हणतो, "जुनी रेकॉर्ड खराब झाली," आणि टाकून देतो. बाजारात बॅगेसारखे दिसणारे रंगीत स्वस्त प्लेअर आले आहेत, त्यांच्यावर ३३, ४५, ७८ असे तिन्ही आकडे लिहिलेले असतात. वेग मिळतो, पण सुई बहुधा एल.पी.चीच. आकडा बघून घेऊ नका, सुई विचारा. माझ्या मते अशा प्लेअरांनी जितक्या चांगल्या तबकड्या कचऱ्यात पाठवल्या असतील तितक्या वाळवीने नसतील.

दुसरा मोह होतो तो चावीच्या फोनोचा. दिवाणखान्यात शोभतो, हे खरं. पण त्याचा सुईवरचा भार शंभर-सव्वाशे ग्रॅम असतो. पोलादी सुई दगडाच्या पुडीवर घासत जाते, म्हणून एक बाजू झाली की सुई बदलायची असा नेम होता. लोक काटकसरीने एकाच सुईवर वीस गाणी वाजवत, आणि बोथट सुईने चर खरवडली जाई. रोज ऐकायला तो नको. सणावाराला नवी सुई घालून एखादी मजबूत, दुसरी प्रत सहज मिळेल अशी तबकडी वाजवा, हौस भागते. त्यावर एल.पी. मात्र चुकूनही ठेवू नका, एका फेरीत तिचा निकाल लागतो. आणि चकचकीत पितळी कर्ण्याचे, कुत्र्याचं चित्र चिकटवलेले जे 'अँटिक' फोनो पर्यटकांच्या बाजारात विकतात, ते बरेचदा जुने-नवे तुकडे जोडून हल्लीच केलेले असतात. नांगराला नवा फाळ आणि नवा दांडा बसवून 'पणजोबांचा नांगर' म्हणण्यातला प्रकार!

तिसरा पर्याय सत्तरीच्या दशकातल्या एच.एम.व्ही. फिएस्टा किंवा फिलिप्ससारख्या पेट्यांचा. आमच्या पिढीची ही खरी ओळखीची वस्तू. माझ्या लग्नानंतर शेजाऱ्यांकडे अशी पेटी होती, आणि सुधीर फडक्यांच्या आवाजातलं गीतरामायण आम्ही तिच्यावरच ऐकलं. (१० एल.पी.चा तो संच १९६५ चा.) त्या काळच्या पुष्कळ पेट्यांमध्ये सुईच्या दांडीला एक चिमुकली कळ असे. एका बाजूला एल.पी.ची सुई, फिरवली की ७८ ची. कारण तेव्हा घरोघरी दोन्ही जाती नांदत होत्या, आणि यंत्र बनवणाऱ्याला ते ठाऊक होतं. जुन्या बाजारात अशी पेटी मिळाली तर तीन गोष्टी पाहा. कळ फिरवून दोन्ही सुया शाबूत आहेत का; आतलं रबरी चाक कडक होऊन तडकलं तर नाही (ते गेलं की गाणं डुलायला लागतं); आणि दुरुस्त करणारा हयात आहे का! शेवटचं सर्वांत अवघड.

कुणाचा मुलगा अमेरिकेत असतो, तो तिकडून जुनं यंत्र आणतो. ट्रान्सफॉर्मर लावला की विजेचा दाब जुळतो, पण तिकडे वीज ६० सायकलची, इथे ५० ची. त्या काळच्या पुष्कळ मोटारींचा वेग सायकलवर ठरे, म्हणून ७८ चे ६५ फेरे होतात. हिराबाई एकदम पुरुषी आवाजात गायला लागतात.

वेगावरून आठवलं. '७८' हा आकडा पुढे पक्का झाला. सुरुवातीच्या तबकड्या कुणी ७० वर, कुणी ७६ वर, कुणी ८० वर भरलेल्या. ७० ची तबकडी ७८ ने फिरवली तर सूर जवळपास दोन पट्ट्या चढतो. पांढरी एकमध्ये गायलेलं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. मग आपण म्हणतो, पूर्वीचे लोक फार चिरक्या आवाजात गात. आवाज चिरका नव्हता हो, आपलं यंत्र घाईत होतं. म्हणून ज्याच्याकडे जुन्या तबकड्या आहेत त्याने वेग थोडा कमी-जास्त करायची सरकपट्टी असलेलंच यंत्र घ्यावं.

हे सगळं पाहून मी ठरवलं ते असं: नवं टर्नटेबल, ज्यात ७८ चा वेग आहे, वेगाची सरकपट्टी आहे आणि सुईचं डोकं बदलता येतं. असं यंत्र ऑडिओ-टेक्निकाचं मिळतं, इतरांचीही आहेत. एल.पी.साठी एक सुई, ७८ साठी रुंद टोकाची दुसरी. रुंद सुईवर भार पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चावीच्या फोनोच्या विसाव्या हिश्श्याइतका. सुई महाग पडते, पेन्शनीचा मोठा लचका तोडते. घरातून विचारणा झाली की चार गाण्यांसाठी एवढं कशाला, मोबाईलवर बालगंधर्व फुकट ऐकू येतात. बरोबर आहे, बालगंधर्व येतात. पण आमच्या ट्रंकेतल्या कव्वालांपैकी दोघे कुठेच येत नाहीत, मी शोधून पाहिलं. आणि ती बिननावाची तर शोधायची तरी कशी? ज्यांच्याकडे फक्त एल.पी. आहेत त्यांना एवढा खटाटोप नको. हलक्या हाताचं कुठलंही बरं टर्नटेबल चालेल.

धुण्याबद्दल एक सूचना, फार महत्त्वाची. दुकानात मिळणाऱ्या रेकॉर्ड साफ करायच्या द्रवांत बरेचदा अल्कोहोल असतं. व्हिनाईलला ते चालतं. लाख त्यात विरघळते. लाखेची तबकडी साध्या पाण्याने, साबणाचा थेंब टाकून, मऊ कापडाने पुसायची आणि सावलीत उभी वाळवायची. आमच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तर काहीच ठेवू नका, एल.पी.चा पापड होतो.

बिननावाची तबकडी मी गेल्या संक्रांतीला वाजवली. आधी ७८ वर. सुरांचा नुसता चिवचिवाट. मग सरकपट्टी खाली घेत घेत ७२ च्या आसपास आलो तेव्हा तो एका बाईचा आवाज झाला, भरदार, मध्यम वयाचा. मागे सारंगी असावी. शब्द मला मराठी वाटतात, धाकट्या भावाला हिंदी. साधारण तीन मिनिटांनी गाणं थांबतं आणि ती बाई काहीतरी बोलते, गात नाही, बोलते. तिचं नाव सांगते आहे. पण पोलादी सुई शेवटाला पोचेपर्यंत बोथट होई, म्हणून तबकडीचा आतला भाग सर्वांत झिजलेला असतो. नावाची पहिली दोन अक्षरं खरखरीत जातात, मागचं 'बाई' तेवढं स्वच्छ ऐकू येतं.

मुंबईत तबकड्या जमवणाऱ्या अभ्यासकांची एक संस्था १९९० पासून आहे. त्यांच्यासारख्यांनी कंपन्यांच्या जुन्या यादीतले क्रमांक जुळवून कितीतरी आवाजांना नावं परत मिळवून दिली आहेत. कागद गेला तरी लाखेत कोरलेला क्रमांक राहतो. आमच्या तबकडीवरचे चार आकडे वाचता आले, पाचवा ३ आहे की ८ हे भिंगातूनही ठरत नाही. नातवाने मोबाईलच्या दिव्याखाली फोटो काढले, त्यात तो जास्तच पुसट दिसतो. सकाळी आठच्या सुमाराला ओसरीवर ऊन तिरपं येतं, तेव्हा तबकडी हातात धरून हळूहळू कलती करत बघतो आहे.